परदेश प्रवासाचा विमा: आईचं वय ६९, गोळ्या तीन आणि घरात दोन तट

खिडकीची_सीट

नमस्कार मंडळी,

दीड महिन्यानं आई आणि मी एकोणीस दिवसांसाठी बाहेर चाललो आहोत. पहिले अकरा दिवस शेंगेनमधले (म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांपैकी) तीन देश, उरलेले आठ दिवस अशा एका देशात जिथे विमा आहे का हे कुणी विचारतसुद्धा नाही.

आईचं वय ६९. बीपीची गोळी बारा वर्षं चालू आहे, शुगरची सहा वर्षं, आणि मागच्या वर्षापासून रक्त पातळ ठेवणारी एक. प्रकृती म्हणाल तर जिने माझ्याआधी चढून वर माझी वाट बघत उभी असते. पण कागदावर ती 'वय ६९, मधुमेह, रक्तदाब' एवढीच उरते, आणि विमा कागद बघूनच मिळतो.

शेंगेनचं कोडं नाही. किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण असलेली पॉलिसी जोडल्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही, त्यामुळे ती घेणारच. भांडण पुढच्या गोष्टींवरून आहे. भावाचं म्हणणं, अकरा दिवसांची सगळ्यात स्वस्त पॉलिसी घे, व्हिसा पदरात पाड आणि विषय संपव. पुढच्या आठ दिवसांचा विमा म्हणजे घाबरटपणावर भरलेला कर. तिकडून एजंट म्हणतो, फॉर्मवर शुगर-बीपी लिहू नका, प्रीमियम उगाच चढेल, सगळे असंच करतात. आणि आईला एजंटचं पटलंय! पैशांमुळे नाही हं. तिला स्वतःच्या नावापुढे 'आजारी' लिहिलेलं आवडत नाही, एवढंच.

पॉलिसीचं पुस्तक सेहेचाळीस पानांचं आहे. मी नऊ पानं वाचली आणि 'ज्ञात घटना' या व्याख्येवर मला झोप लागली. तक्त्यात ओळीच ओळी आहेत. बॅग हरवली, बॅग उशिरा आली, पासपोर्ट हरवला, विमान चुकलं. एक ओळ तर विमानाचं अपहरण झालं तर दर दिवसाचा भत्ता अशीही आहे. यातलं नेमकं काय बघायचं? आजार लिहायचे की नाही? आणि जिथे सक्ती नाही तिथेही विमा घ्यावा का?

स्वतः क्लेम केलेल्यांनी सांगितलं तर फार बरं. 'आमच्या ओळखीच्या एकांचं असं झालं' या प्रकारच्या गोष्टी घरात भरपूर ऐकून झाल्यात.

---

हलकी_बॅग

तुमच्या भावाच्या पार्टीचा एक मेंबर बोलतोय.

आजवर सतरा वेळा बाहेर गेलो. सक्ती होती तिथेच विमा घेतला. क्यूबानं २०१०पासून प्रवाशांना विमा बंधनकारक केलाय, तिथे घेतला, शेंगेनला घेतला, बाकी कुठेही नाही. न भरलेला प्रीमियम दर वेळी एका वेगळ्या खात्यात टाकतो. त्यातून आजवर एकदा दाढ काढली आणि एकदा पाण्यात पडलेला फोन बदलला. खातं अजून गुटगुटीत आहे. विमा कंपन्या काही अन्नछत्र चालवत नाहीत. गोळा झालेला पैसा वाटलेल्या पैशापेक्षा जास्त असतो म्हणून तर त्यांची ऑफिसं काचेची असतात.

बॅगेचं तर बोलूच नका. १९९९च्या माँट्रियल करारानुसार बॅग हरवली, फाटली किंवा उशिरा आली की जबाबदारी आधी विमान कंपनीची. मर्यादा माणशी १,५१९ एसडीआर, म्हणजे नाणेनिधीचं ते हिशेबी चलन; २०२४च्या डिसेंबरअखेर वाढवली. मोडतोड असेल तर सात दिवसांत लेखी कळवायचं, उशिरा आली असेल तर हातात पडल्यापासून एकवीस दिवसांत. आणि विमानतळ सोडण्याआधी बॅगेच्या काउंटरवर तक्रारीचा कागद करून घ्यायचा, तो नसेल तर पुढचं सगळं अवघड. एवढं केलंत तर तक्त्यातल्या त्या ओळीची गरज फारशी पडत नाही. क्यूबाच्या वेळी विमा होता आणि नेमकी बॅग दोन दिवस उशिरा आली. एक ब्रश आणि दोन शर्टांच्या पावत्यांवरून दोन महिने ईमेल चालले. शेवटी विमान कंपनीनं दिलेले पैसे वजा करून जे हाती आलं त्यात दुसरा ब्रश आला असता.

आता प्रामाणिकपणे सांगतो. मी ३४ वर्षांचा आहे, एकटा फिरतो, गोळी एकही नाही. ६९ वर्षांच्या आईला घेऊन निघालो असतो तर हेच इतक्या ऐटीत लिहिलं असतं का, माहीत नाही.

---

रात्रपाळी

पॉलिसीच्या मागच्या पानावर चोवीस तासांचा एक नंबर छापलेला असतो बघा. तो लावल्यावर पलीकडे जी बाई उचलते ती मी होते. २००९ ते २०१६, सात वर्षं, एका सहायता केंद्रात, बहुतेक काळ रात्रीच. विमा विकणं माझं काम नव्हतं. विकलेला विमा रात्री तीन वाजता कसा दिसतो ते मात्र रोज बघितलं. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

हलकी_बॅग यांचं बॅगेबद्दलचं सगळं बरोबर आहे आणि त्यांच्या खात्याची कल्पनाही वाईट नाही. फक्त दाढ आणि फोन यांच्यासाठी मुळात विमा नसतोच. त्यांनी खिशातून सोसण्यासारखं होतं तेच सोसलं. एक केस सांगते, मग आपोआप कळेल.

साधारण तुमच्या आईच्याच वयाचे एक गृहस्थ, बायकोबरोबर फिरायला गेलेले. पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. फोन बाईंनी केला. भाषा येत नाही, हातात नवऱ्याची चप्पल, आणि रुग्णालयाच्या काउंटरवर एक माणूस एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतोय. ते वाक्य होतं, 'आधी अनामत रक्कम, किंवा विमा कंपनीचं हमीपत्र'. आम्ही फाइल उघडली. पॉलिसी नंबर, पासपोर्ट नंबर, रुग्णालयाचं नाव, परत फोन कुठे करायचा. मग रुग्णालयाकडून वैद्यकीय अहवाल मागवला, आमच्या डॉक्टरनं तो वाचला, विमा कंपनीकडून होकार घेतला आणि पैसे आम्ही भरू असं पत्र रुग्णालयाला पाठवलं. दोन तास वीस मिनिटं लागली. फाइलवर वेळ टाकावी लागे, म्हणून अजून लक्षात आहे. खुब्याच्या हाडाला दिवसचे दिवस थांबवून ठेवता येत नाही, शस्त्रक्रिया जितकी लवकर तितकी बरी. दुसऱ्या दिवशी झाली.

खरी कसरत त्यानंतर. माणूस बसू शकत नव्हता. नेहमीच्या प्रवासी विमानात स्ट्रेचर लावायचा म्हणजे काही रांगांतल्या खुर्च्यांच्या पाठी आडव्या पाडून वर तो बसवतात, भोवती पडदा लावतात, सोबत नर्स किंवा डॉक्टर. तेवढ्या सगळ्या खुर्च्यांचे पैसे मोजायचे. वर विमान कंपनीच्या डॉक्टरांची परवानगी, तिचा वेगळा फॉर्म. एका विमानात स्ट्रेचर बसेना, दुसऱ्यात जागा नव्हती, तिसऱ्यातून ते घरी आले. तोवर बाईंचा हॉटेलमधला मुक्काम वाढला, त्यांचं तिकीट बदललं. या सगळ्याचं एकत्र बिल शस्त्रक्रियेच्या बिलाहून मोठं होतं. असे पैसे कुणी वेगळ्या खात्यात टाकून ठेवत नाही, आणि ठेवले तरी रात्री तीनला परक्या देशातल्या काउंटरवर ते कसे पोचवणार? क्रेडिट कार्डाची मर्यादा तिथे लगेच कळते.

म्हणून तक्ता बघताना मी चारच ओळी बघते. वैद्यकीय खर्चाची रक्कम किती; रुग्णाला हलवणं आणि घरी आणणं त्याच रकमेत धरलंय की वेगळं; खोलीचं भाडं, अतिदक्षता विभाग, सर्जनची फी यांना आतून वेगवेगळ्या मर्यादा घातल्यात का; आणि आधीपासूनच्या आजारांचं काय. साठीनंतरच्या पॉलिसींत त्या आतल्या मर्यादा हमखास असतात. वर आकडा भलामोठा, आत अतिदक्षता विभागाला दिवसाला चिमूटभर. अपहरणाच्या भत्त्याबद्दल सात वर्षांत मला एकही फोन आला नाही. ती ओळ तक्ता भरगच्च दिसावा म्हणून असते असं माझं खासगी मत.

३०,००० युरो हे युरोपीय संघाच्या २००९च्या व्हिसा संहितेनं ठरवलेलं किमान आहे. आणीबाणीचे उपचार, आजारपणामुळे परत आणणं, मृत्यू, हे त्यात यावं लागतं आणि पॉलिसी सगळ्या शेंगेन देशांत चालावी लागते. व्हिसाच्या अर्जाला तेवढं पुरतं. अतिदक्षता विभागातले आठ दिवस आणि वर परतीचं स्ट्रेचर याला पुरेल असं मी लिहून देणार नाही. आणि अमेरिकेसाठी तर हा आकडा विसरूनच जा. १९८६च्या एका कायद्यामुळे तिथल्या जवळजवळ सगळ्या रुग्णालयांना आपत्कालीन विभागात आलेल्या माणसाला पैशांचं न विचारता तपासून स्थिर करावंच लागतं. लोक एवढं ऐकतात आणि निर्धास्त होतात. बिल माफ होतं असं तो कायदा कुठेही म्हणत नाही. ते नंतर पोस्टानं येतं.

भावाच्या योजनेत आणखी एक खोच आहे. प्रवास सुरू झाल्यावर त्याच प्रवासाचा विमा घ्यायला गेलात तर बहुतेक कंपन्या दारातूनच परत पाठवतात. बाराव्या दिवशी आईला ताप आला आणि मग तुम्हाला विमा हवासा वाटला, तर उपयोग नाही. एकच पॉलिसी घ्या, पूर्ण एकोणीस दिवसांची, दोन्हीकडे चालणारी, शेंगेनची अट पुरी करणारी. वर दोन-तीन दिवस जास्तीचे धरा, परतीचं विमान लांबतं. आणि प्रमाणपत्रावर शेंगेनचा उल्लेख छापलेला आहे ना ते बघून घ्या.

आता एजंट. हे जरा रागानं लिहितेय, सांभाळून घ्या.

एका बाईंच्या छातीत दुखायला लागलं. नवऱ्याचा फोन. पॉलिसी चालू, रक्कम भरपूर, प्रपोजल फॉर्मवर प्रत्येक आजारापुढे 'नाही'. आम्ही नेहमीप्रमाणे रुग्णालयाकडून कागद मागवले. दाखल करून घेताना डॉक्टरनं विचारलं होतं आणि बाईंनी सरळ सांगितलं होतं, पंधरा वर्षं मधुमेह. सांगायलाच हवं होतं, औषधं त्यावरच ठरतात. पण फॉर्मवरचं खोटं आणि डॉक्टरला सांगितलेलं खरं हे दोन्ही कागद शेवटी एकाच फाइलमध्ये येऊन बसतात. क्लेम नाकारला गेला. तो नवरा फोनवर मला म्हणाला, 'एजंटनंच सांगितलं होतं.' मी काय बोलणार? सही त्याच्या बायकोची होती. एजंट तेव्हा झोपला असेल.

तेव्हा आजार लिहायचे. सगळे. पण लिहिले म्हणजे काम झालं असंही समजू नका. पुष्कळ पॉलिसी जाहीर केलेला जुना आजार सरळ वगळतात. काही फक्त जिवावर बेतलं तर, आणि तेही एका छोट्या रकमेपर्यंत देतात. बीपीच्या माणसाला हृदयविकाराचा झटका आला की तो बीपीमुळेच आला का यावर वाद घालायला जागा उरते. कंपनीला लेखी विचारा की आईच्या या तीन गोळ्यांमागच्या आजारांमुळे काही झालं तर किती रकमेपर्यंत द्याल. उत्तर ईमेलवरच घ्या. जुने आजार धरणाऱ्या पॉलिसी महाग असतात. पैसे घालायचेच तर तिथे घाला.

राहता राहिली ती 'ज्ञात घटना'. त्या व्याख्येवर झोप येते खरी, पण तिचा अर्थ मी एका आठवड्यात शिकले. एप्रिल २०१०, मला नोकरीला जेमतेम वर्ष झालेलं. आइसलंडमधला एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखी उसळला, राख युरोपभर पसरली आणि सहाएक दिवसांत लाखाच्या आसपास उड्डाणं रद्द झाली. ते नाव आमच्यापैकी कुणालाच उच्चारता यायचं नाही. फाइलवर नुसतं 'राख' लिहायचो. राख 'खराब हवामानात' मोडते की नाही यावर कंपन्यांत मतं वेगळी होती, काहींनी पैसे दिले, काही अडून बसल्या. पण त्यातही एक वर्ग असा होता ज्यांच्यासाठी वादच नव्हता. विमानतळं बंद पडल्याची बातमी बघून ज्यांनी दुसऱ्या दिवशी पॉलिसी काढली होती, ते. घटना घडून जगाला कळलेली असली की तिच्यासाठी विमा मिळत नाही, एवढाच त्या पानाचा अर्थ. संप जाहीर झाला, वादळाला नाव पडलं, सरकारनं तिकडे जाऊ नका म्हटलं, की दार बंद. प्रवास रद्द होण्याचं संरक्षण हवं असेल तर म्हणून विमा तिकीट काढलं त्याच आठवड्यात घ्यावा. ते संरक्षण पॉलिसी घेतल्यापासून चालू होतं, वैद्यकीय मात्र निघाल्यापासून.

आणि हो, काही झालं तर आधी फोन, मग बाकी सगळं. जीव धोक्यात असेल तर अर्थात आधी तिथला आपत्कालीन नंबर, युरोपात ११२, पण पेशंट आत गेला की बाहेरच्या बाकावरून लगेच आम्हाला. किरकोळ दवाखान्याचे पैसे बहुधा आपणच भरून नंतर मागायचे असतात. दाखल व्हायची वेळ आली की मात्र फोन केल्याशिवाय सही करू नका. चार दिवसांनी बिल घेऊन फोन करणारे कमी नव्हते.

---

चढउतार

रात्रपाळी ताई, साष्टांग.

डोंगर चढणाऱ्यांसाठी थोडी भर. पॉलिसीत उंचीची मर्यादा असते आणि ती तक्त्यात नसते, वगळलेल्या गोष्टींच्या पानावर बारीक अक्षरात असते. किलिमांजारोला निघालो होतो, शिखर ५,८९५ मीटर. माझ्या पॉलिसीत ४,५००च्या वर काहीच नव्हतं. म्हणजे जिथे डोकं दुखायला लागतं तिथेच विमा संपत होता. जास्तीचा प्रीमियम भरून मर्यादा वाढवून घेतली. वर मला काही झालं नाही. सोबतच्या एकाला झालं, पण तो वेळेत खाली उतरला. उंचीच्या त्रासावर पहिलं औषध उतरणं हेच.

हेलिकॉप्टरचंही लक्षात ठेवा. आधी सहायता केंद्राची परवानगी लागते. २०१८मध्ये नेपाळात गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विम्यावर बिलं लावण्याचा धंदा चौकशीत उघड झाला, त्यानंतर कंपन्या फार काटेकोर झाल्यात. वाटाड्या 'मी बोलावतो' म्हणाला तरी फोन आपणच करायचा.

अवांतर: पाय मोडून ताजं प्लास्टर घातलं असेल तर पहिले एक-दोन दिवस विमान कंपन्या ते उभं चिरून आणायला सांगतात, वर गेल्यावर सूज वाढून पाय आवळला जातो म्हणून. हे मला विमानतळावर कळलं. सोबतचाच दुसरा एक, परतीच्या वाटेवर, गावातल्या फुटपाथवर पडला. शिखरावर नाही!

---

खिडकीची_सीट

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्यानं वाचून दाखवला. चप्पल हातात घेतलेल्या बाईंपाशी ती गप्प झाली. मग म्हणाली, 'फॉर्म आण इकडे.'

दोन शंका. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी तिच्या बीपीच्या गोळीचा डोस वाढवला. तेही लिहायचं का? आणि औषधांच्या चिठ्ठीवर कंपनीची नावं आहेत, तिकडे ती कुणाला कळणार?

---

रात्रपाळी

लिहायचं. काही पॉलिसींत आजार ठरावीक काळ 'स्थिर' असावा अशी अट असते आणि अलीकडे डोस बदलला असेल तर तो काळ पुन्हा शून्यापासून मोजतात. निघायला तुम्हाला दीड महिना आहे, तेव्हा आत्ताच विचारून घ्या. पॉलिसी काढल्यानंतर औषध बदललं तरीही एक ईमेल टाका, उत्तर जपून ठेवा.

चिठ्ठी मूळ औषधाच्या नावानं लिहून मागा. कंपनीचं नाव देश बदलला की बदलतं, औषधाचं नाव सगळीकडचे डॉक्टर ओळखतात. मात्रा, दिवसातून किती वेळा, आणि कशासाठी. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचं नाव मात्र आईच्या पर्समध्ये वेगळ्या कागदावर, पासपोर्टच्या प्रतीबरोबर ठेवा. घसरून डोकं आपटलं आणि त्या क्षणी तुम्ही शेजारी नसलात, तर डॉक्टरला सगळ्यात आधी तेच कळायला हवं. गोळ्या हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत नको. ती बॅग कुठे जाते ते हलकी_बॅग यांना विचारा.

सहायता केंद्राचा नंबर फोनमध्ये आहेच असं म्हणाल. फोन पाण्यात पडतो. कागदावरही लिहा.

---

हलकी_बॅग

फोन पाण्यात पडतो हा टोमणा पोचला.

ते हमीपत्राचं प्रकरण मला खरंच माहीत नव्हतं. मी धरून चाललो होतो की विमा म्हणजे घरी आल्यावर पावत्या जोडून पैसे मागणं. पण एक सांगा, ३४ वर्षांच्या धडधाकट माणसालाही?

---

रात्रपाळी

माझ्याकडे आकडेवारी नाही, मी फक्त फोन घ्यायचे. पण मोडलेली हाडं म्हणाल तर तुमच्या वयाचीच जास्त असायची, आणि बहुतेक भाड्याच्या स्कूटरवरून. पंधरा मिनिटांत स्कूटर मिळते, परवाना कुणी बघत नाही. क्लेमच्या वेळी मात्र पहिला प्रश्न परवान्याचा असतो. त्या देशात, त्या ताकदीची दुचाकी चालवायला तुमचा परवाना चालत होता का? हेल्मेट होतं का? दारू घेतली होती का? रक्ताचा अहवाल रुग्णालयाच्याच कागदांत असतो. यातल्या एका उत्तरानं अडलेल्या पोरांच्या आईवडलांशी मी फोनवर बोललेली आहे.

तुम्ही वेगळं खातं चालू ठेवा, दाढेला उपयोगी आहे. त्यातूनच मोठी डिडक्टिबल असलेली साधी वैद्यकीय पॉलिसी घ्या. पहिली ठरावीक रक्कम तुम्ही सोसायची, वरचं ते. प्रीमियम बराच उतरतो. बॅग, उशीर, अपहरण, सगळं कापून टाका.

---

खिडकीची_सीट

अपडेट: पॉलिसी काढली, एकोणीस अधिक तीन दिवसांची. जुने आजार धरणारी घेतली. किती रकमेपर्यंत, ते ईमेलवर मिळालं. दोनदा विचारावं लागलं, पहिल्या उत्तरात नुसतं माहितीपत्रक पाठवलं होतं. प्रीमियम एजंटच्या आकड्याच्या अडीचपट. भाऊ आकडा ऐकून काही बोलला नाही, मग हळूच म्हणाला, माझ्या पुढच्या ट्रिपला ती डिडक्टिबलवाली लिंक पाठव.

फॉर्म आईनंच भरला, चष्मा लावून, टेबलाशी बसून, तासभर. तीन आजार, तीन गोळ्या, बदललेला डोस, तारखेसकट. 'इतर काही त्रास' या रकान्यात तिनं स्वतःहून लिहिलं: 'उजवा गुडघा, पावसाळ्यात.' एजंटचा फोन आला, गुडघ्याचं काढून टाकू का, उगाच प्रश्न विचारतील. आई म्हणाली, विचारू देत, मी घरीच आहे.